राणी दिवसभर काय करीत असे?

(हिंगोली जिल्ह्यातील एका सार्वजनिक वाचनालयाच्या बालविभागाच्या उद्घाटनप्रसंगी पालक व शिक्षकांसमोर केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन.)



बालविभागाचे उद्घाटन म्हटले की वक्त्याने वाचनाचे महत्त्व सांगावे, अशी अपेक्षा असते. ते महत्त्व आपणांस पटले नसते, तर रविवारची दुपार मोडून आपण येथे आलाच नसता. म्हणून त्यात मी आपला वेळ घेणार नाही. मघाशी फीत कापल्यावर मी कपाट उघडून पाहिले. मुलांचा हात सहज पोहोचेल अशा खणात रंगीत चित्रांची चरित्रे लावलेली आहेत. त्यांत राजमाता जिजाऊ आहेत, ताराराणी आहेत, पुण्यश्लोक अहिल्यादेवी आहेत, झाशीची राणी आहे, गोंडवनाची दुर्गावती आहे. माझे आजचे बोलणे त्या एका खणापुरतेच आहे.

गेल्या वर्षी जिजाऊ जयंतीला एका शाळेत वेशभूषा स्पर्धेचा परीक्षक म्हणून मी गेलो होतो. नऊ मुली व्यासपीठावर आल्या. त्यांतील सात झाशीच्या राण्या होत्या! प्रत्येकीच्या हातात चंदेरी कागद लावलेली पुठ्ठ्याची तलवार, पाठीला बांधलेली बाहुली आणि तोंडी एकच वाक्य. मी सहज विचारले, "राणीसाहेब, ज्या दिवशी लढाई नसते, त्या दिवशी आपण काय करता?" सहा राण्या गप्प राहिल्या. सातवी, तिसरीतली एक चुणचुणीत मुलगी, क्षणभर विचार करून म्हणाली, "तलवारीला धार लावते." सारे सभागृह हसले. मीही हसलो आणि तिला पूर्ण गुण दिले.

परंतु घरी परतताना ते हसू टिकले नाही. त्या मुलीने तिच्या पुस्तकात जे पाहिले, तेच सांगितले होते. राणी म्हणजे तलवार. तलवार म्यानात गेली की राणी संपली. ही समजूत तिची नव्हे, आपण तिच्या हाती दिलेल्या चित्रांची आहे. आणि ज्या स्त्रियांनी वर्षानुवर्षे राज्ये चालविली, न्याय केला, तलाव बांधले, पत्रव्यवहार केला, त्यांच्यावर हा मोठा अन्याय आहे, असे मला वाटते.

चित्र मनात घर करते

आपण मोठी माणसे मजकूर वाचतो आणि चित्राकडे ओझरते पाहतो. मुलाचे उलटे असते. ते चित्र आधी वाचते. घोड्याचा रंग, राणीच्या कपाळावरची चिरी, मागे पेटलेला बुरूज हे त्याच्या डोळ्यांत बसते आणि पन्नास वर्षांनीही निघत नाही.

माझे वडील निजामी राजवटीत शिकले. शाळेचे माध्यम उर्दू. मराठी मुलखातल्या राण्यांची ओळख त्यांना पाठ्यपुस्तकातून नव्हे, कीर्तनातून आणि घरातल्या वडीलधाऱ्या स्त्रियांच्या गोष्टींतून झाली. माझ्या लहानपणी हिंगोली हा परभणी जिल्ह्यातील तालुका होता. आपला जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. एस.टी. स्थानकावरच्या पुस्तकांच्या गाड्यावर दोरीला 'अमर चित्र कथा'चे अंक टांगलेले असत. बस सुटेपर्यंत उभ्याने वाचायचे आणि कंडक्टरने घंटी दिली की अर्धवट सोडून पळायचे. कित्येक राण्या मला अशा अर्ध्याच भेटल्या. शेवट मी मनानेच रचला.

या 'अमर चित्र कथा'ची जन्मकथा प्रसिद्ध आहे. १९६७ साली दिल्लीत अनंत पै यांनी दूरचित्रवाणीवर मुलांची एक प्रश्नमंजूषा पाहिली. ग्रीक पुराणांतील प्रश्नांची उत्तरे मुले देत होती. परंतु रामाच्या आईचे नाव त्यांना सांगता आले नाही. त्या अस्वस्थतेतून पै यांनी ही माला उभी केली. मौज अशी, की मालेचे पहिले दहा अंक परदेशी परीकथांचेच होते. 'कृष्ण' आला तो अकरावा. पुढे राम वाईरकर, प्रताप मुळीक अशा मराठी चित्रकारांच्या कुंचल्यांनी भारतातील घराघरांतल्या मुलांच्या डोळ्यांसमोर आपले देव आणि पूर्वज उभे केले. हे ऋण मोठे आहे. पै २०११ साली गेले. परंतु आजच्या आजोबांनी, मुलांनी आणि नातवंडांनी तीच चित्रे पाहिलेली आहेत.

मात्र बत्तीस पानांत एक आयुष्य बसवायचे, तर चित्रकाराला निवड करावी लागते. आणि चित्रात काय उठून दिसते? घोडा, तलवार, ज्वाळा, दरबारात फेकलेले आव्हान. रात्री समईच्या उजेडात हिशेबाची वही पाहत बसलेली स्त्री उठून दिसत नाही. म्हणून ती गळते. कोणाची लबाडी नाही. माध्यमाचा स्वभाव आहे. त्या स्वभावाला पूरक होणे, हे पुस्तक मुलाच्या हाती देणाऱ्याचे काम आहे.

तलवारीच्या आधीची लेखणी

झाशीचेच उदाहरण घेऊ, कारण त्या सात मुली झाशीच्या होत्या.

२१ नोव्हेंबर १८५३ रोजी गंगाधरराव वारले. त्यापूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता. डलहौसीने तो नामंजूर करून १८५४ मध्ये झाशी खालसा केली. राणीने त्याच दिवशी तलवार उपसली का? नाही. तिने आधी लेखणी उचलली. दत्तकाचा हक्क, पूर्वीचे करारमदार, झाशीच्या घराण्याने इंग्रजांशी राखलेले सख्य, हे सारे मांडून तिने अर्जांमागून अर्ज पाठविले. जॉन लँग नावाच्या वकिलाला बोलावून सल्ला घेतला. न्याय मागण्याचे सगळे मार्ग चोखाळून झाले, तेव्हा १८५७ चा वणवा पेटला. मुलांच्या पुस्तकात ही तीन वर्षे एका चौकटीत संपतात. मला वाटते, तलवारीइतकेच ते अर्जही मुलांना दाखविले पाहिजेत. अन्याय झाल्यावर आधी काय करायचे असते, हे त्यातून कळते.

आपल्या मराठी भाषेचे भाग्य असे, की झाशीचा वेढा डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाचे प्रवासवर्णन आपल्याकडे आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे. यज्ञाची दक्षिणा मिळवावी म्हणून उत्तरेकडे गेलेले हे गरीब भिक्षुक १८५८ मध्ये झाशीत अडकले आणि पुढे त्यांनी 'माझा प्रवास' लिहिला. चिंतामणराव वैद्यांनी तो १९०७ साली प्रसिद्ध केला. गोडसे भटजींची राणी व्यायाम करते, घोड्यावर बसते, दरबारात येऊन कामे पाहते. आणि त्याच वर्णनात झाशीच्या राजवाड्यातील मोठ्या ग्रंथसंग्रहाची वाताहत झाल्याची हळहळही आहे.

माता-भगिनींनो, आपण आज एका वाचनालयात बसलो आहोत म्हणून हे मुद्दाम सांगतो. झाशीच्या वाड्यात पुस्तके होती. झाशी पडली तेव्हा माणसांबरोबर पोथ्याही गेल्या. मी पाहिलेल्या एकाही चित्रमय पुस्तकात हे चित्र नाही. झाशीच्या राणीच्या मागे घोडा असतो. पुस्तकांचे कपाट कधीच नसते.

आणखी एक लहानशी गोष्ट. राणीच्या पाठीवर चित्रकार अगदी तान्हे बाळ बांधतात. दामोदरराव दत्तक गेला तेव्हा तो पाच वर्षांचा असल्याचे सांगतात. म्हणजे १८५८ साली तो चांगला मोठा मुलगा होता. यात चित्रकाराला दोष देऊ नका. ती माउली दाखविण्याची कलावंताची रीत आहे. परंतु तिसरी-चौथीतल्या मुलाला हे सांगून पाहा. त्याचा राणीविषयीचा आदर कमी होत नाही. उलट पुढच्या प्रत्येक चित्राकडे ते अधिक बारकाईने पाहू लागते. खरे सांगितल्याने श्रद्धा ढळत नाही. पुढे मोठेपणी कोणी तरी उपहासाने हेच सांगितले, तर मात्र ढळते.

राणीची दिनचर्या

आता मूळ प्रश्नाकडे येतो. राणी दिवसभर काय करीत असे? एका राणीपुरते या प्रश्नाचे उत्तर उपलब्ध आहे.

सर जॉन माल्कम हा इंग्रज अधिकारी १८१८ नंतर माळव्याचा कारभार पाहत होता. अहिल्यादेवींचे देहावसान १३ ऑगस्ट १७९५ रोजी झालेले. त्यांना प्रत्यक्ष पाहिलेली, त्यांच्या हाताखाली कामे केलेली माणसे तेव्हा हयात होती. माल्कमने त्यांना विचारून विचारून माहिती गोळा केली आणि १८२३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात ती दिली. जिंकणाऱ्या पक्षाचा हा माणूस. स्तुती करण्याचे त्याला काही कारण नव्हते.

त्याने दिलेला दिनक्रम असा. पहाटे, उजाडण्याच्या तासभर आधी देवी उठत. स्नान, पूजा. मग ठरलेला वेळ पुराणश्रवण. त्यानंतर दानधर्म आणि ब्राह्मणभोजन. मग स्वतःचे साधे, शाकाहारी भोजन. थोडी विश्रांती. दुपारी दोनच्या सुमारास दरबार, तो सायंकाळी सहापर्यंत. पुन्हा पूजाअर्चा आणि अल्पाहार. रात्री नऊला पुन्हा कारभाराला आरंभ, तो अकरापर्यंत. आणि मग निद्रा.

म्हणजे दिवसाचे सहा तास निव्वळ कारभार! तोही एक-दोन वर्षे नव्हे, जवळजवळ तीस वर्षे. त्या दरबारात काय चाले? तक्रारी ऐकल्या जात. आणि अगदी सामान्य माणसालाही देवींपर्यंत जाता येई. निपुत्रिक मेलेल्या सावकाराची संपत्ती सरकारजमा करून तिजोरी भरण्याची संधी आली, तेव्हा त्यांनी ती नाकारली आणि विधवेचा हक्क राखला. डोंगरातल्या भिल्लांचा वाटसरूंना उपद्रव होई. त्यांचा वाटेवरचा ठराविक कर मान्य करून वाटा सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी त्यांच्यावरच सोपविली. आणि देशभरच्या धर्मकार्याचा खर्च मुख्यतः होळकरांच्या खासगी उत्पन्नातून केला. राज्याचा पैसा आणि खासगीचा पैसा यांची गल्लत होऊ दिली नाही. आज सातवी-आठवीतल्या मुलाला नागरिकशास्त्राचे तीन धडे वाचून जे कळत नाही, ते या एका हिशेबातून कळेल.

आपण म्हणाल, मग शौर्य नको का? हवेच. १७६५ साली मल्हारराव रणभूमीवरून सुनेला पत्रे लिहीत, त्यांत तोफखाना घेऊन ग्वाल्हेरकडे जाण्याच्या आणि दारूगोळ्याची व्यवस्था लावण्याच्या सूचना आहेत. सासरा सुनेला तोफांविषयी लिहितो आहे! अठराव्या शतकातील हे दृश्य कोणत्याही कल्पित प्रसंगाहून अधिक रोमांचक नाही काय?

हेच इतर राण्यांबाबत. जिजाऊ म्हणजे बाळ शिवबाला मांडीवर घेऊन रामायण-महाभारताच्या गोष्टी सांगणारी आई, हे चित्र आपल्या सर्वांच्या मनात आहे आणि ते राहावे. परंतु १६६६ मध्ये महाराज आग्र्याला गेले, तेव्हा मागे स्वराज्याचा कारभार याच मातेच्या देखरेखीखाली चालला, हेही एका पानावर यावे. १७०० च्या मार्चमध्ये राजाराम महाराज निवर्तले, तेव्हा ताराराणी अवघ्या पंचवीस वर्षांच्या होत्या. पुढची सात वर्षे, १७०७ मध्ये औरंगजेबाचा अहमदनगरजवळ शेवट होईपर्यंत, त्यांनी मराठ्यांची फळी फुटू दिली नाही. त्यांच्या कारभाराची आणि सैन्याच्या व्यवस्थेची वाखाणणी मोगलांच्या बाजूच्या खाफीखानाने केली आहे. दुर्गावती १५६४ मध्ये रणात पडली, हे सर्व पुस्तकांत असते. परंतु जबलपूरचा राणीताल तिच्या नावाने ओळखला जातो, हे क्वचित असते. पाण्याची किंमत आपल्या कळमनुरी-सेनगाव भागातील मुलांना कोणी शिकवायला नको. तलाव बांधणारी राणी त्यांना तलवारवाल्या राणीहून लवकर कळेल.

वर्ध्याला १९३६ च्या विजयादशमीस स्थापन झालेल्या राष्ट्र सेविका समितीने मातृत्वासाठी जिजाऊ, कर्तृत्वासाठी अहिल्यादेवी आणि नेतृत्वासाठी लक्ष्मीबाई असे तीन आदर्श मानले. आपल्यापैकी अनेक भगिनी शाखेत हे शब्द ऐकत मोठ्या झाल्या आहेत. त्यांना माझी एवढीच विनंती, की 'कर्तृत्व' हा शब्द मुलीला नुसता पाठ करून देऊ नका. दुपारी दोनपासून सहापर्यंत आणि रात्री नऊपासून अकरापर्यंत, असा तो उलगडून दाखवा.

अवघड पाने

आता थोडे अप्रिय बोलतो. वडीलकीने नव्हे, याच जिल्ह्यातला एक बातमीदार म्हणून बोलतो.

अहिल्यादेवींच्या प्रत्येक चित्रमय पुस्तकात एक पान हमखास असते: चौंडीच्या मंदिरातील लहानगी मुलगी, तिच्यावर खिळलेली मल्हाररावांची नजर, आणि पुढच्या पानावर मुंडावळ्या. १७२५ साली जन्मलेल्या या मुलीचा विवाह १७३३ मध्ये झाला. वय आठ. चित्रकार ते पान फार सुंदर रंगवितो. आणि ते पान आपल्या जिल्ह्यातील सहावी-सातवीतली मुलगी पाहत असते. तिच्या वर्गातली एखादी मैत्रीण दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेली असते. ती परत आली की तिच्या लग्नाची बोलणी सुरू होतात. कायदा अठरा वर्षांचा आहे. पण मांडव कसे आणि केव्हा पडतात, हे येथे बसलेल्या शिक्षकांना मी सांगण्याची गरज नाही.

या पानापाशी थांबलेच पाहिजे. मुलीला सांगितले पाहिजे, की बाई, आठव्या वर्षी लग्न झाले म्हणून अहिल्या मोठी झाली नाही. तो त्या काळाचा रिवाज होता. त्या काळी सगळ्याच मुलींची लग्ने तशी होत, आणि त्या सगळ्या अहिल्यादेवी झाल्या नाहीत. ती मोठी झाली, कारण सासरी तिला लिहिणे-वाचणे, हिशेब, कारभार शिकविला गेला आणि सासऱ्याने तिच्यावर जबाबदारी टाकली. आजच्या मुलीला ती अहिल्या व्हायची असेल, तर तिला मुंडावळ्या नव्हेत, पाटी-पुस्तक आधी हवे.

दुसरे अवघड पान अग्नीचे. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव पडले. अहिल्यादेवी सती जाण्यास निघाल्या. मल्हाररावांनी त्यांना परावृत्त केले. त्या दिवशी त्या थांबल्या नसत्या, तर काशी विश्वनाथाचे १७८० मध्ये उभे राहिलेले मंदिर, सोमनाथाचे पुन्हा उभारलेले मंदिर, घाट, विहिरी, धर्मशाळा यांतले काहीच झाले नसते. आणि त्याच अहिल्यादेवींची लेक मुक्ताबाई पतीमागे सती गेली. आईने विनवूनही ती थांबली नाही. पती गेले, सासरे गेले, पुत्र मालेराव १७६७ मध्ये गेला, नातू गेला, आणि डोळ्यांदेखत लेक गेली. यानंतरही कारभार सोडला नाही, असे ज्या बाईच्या आयुष्याचे स्वरूप, तिचे शौर्य कोणत्या तलवारीने मोजणार?

काही चित्रमय पुस्तके जोहाराच्या आणि सतीच्या ज्वाळा इतक्या रमणीय रंगवितात, की लहान मुलीला मरण हाच स्त्रीचा परमोच्च पराक्रम वाटावा. ज्या स्त्रियांवर ते संकट आले, त्यांच्यापुढे आपण नतमस्तक होऊ. परंतु मुलीला आदर्श म्हणून द्यायचा तो त्यांतून मागे फिरलेल्या आणि त्यानंतर चाळीस वर्षे जगून दाखविणाऱ्या अहिल्येचा. ती पुस्तके टाकून द्या, असे मी म्हणत नाही. ती मुलीला एकटीने वाचू देऊ नका. शेजारी बसा.

तिसरी गोष्ट दंतकथेची. राघोबादादा सैन्य घेऊन आले, तेव्हा अहिल्यादेवींनी स्त्रियांची फौज उभी केली आणि 'स्त्रीला जिंकून कोणती कीर्ती मिळविणार' असा निरोप धाडला, ही कथा मुलांना अतिशय आवडते. सांगा; अवश्य सांगा. परंतु 'असे सांगतात' हे दोन शब्द त्यात घाला. जे कागदपत्रांत आहे ते एका स्वरात, आणि जे लोकांनी प्रेमाने जपले आहे ते दुसऱ्या स्वरात. मुलांना हा फरक फार लवकर कळतो.

आणि खण भरताना मन मोठे ठेवा. १५९५-९६ मध्ये मोगलांच्या वेढ्याविरुद्ध अहमदनगरचा किल्ला लढविणारी चांदबिबी याच मुलखातली. तिचेही पुस्तक येथे असावे.

औंढ्याचे शिखर

पुस्तकातून मुलाला बाहेर कसे काढायचे, हा शेवटचा मुद्दा. आणि त्यासाठी आपल्याला महेश्वरपर्यंत जाण्याची गरज नाही.

अहिल्यादेवींनी ज्या देवस्थानांचा जीर्णोद्धार केला, त्यांत आपल्या औंढा नागनाथाचे नाव घेतले जाते. आपण सगळे महाशिवरात्रीला तेथे जातो, रांगेत उभे राहतो, अरुंद पायऱ्यांनी खाली गाभाऱ्यात उतरतो, माथा टेकतो आणि परत येतो. एकदा रांगेविना, एखाद्या साध्या दिवशी मुलाला घेऊन जा. बाहेर उभे राहून त्याला सांगा, की खालपासून वरपर्यंत नीट पाहा. खालचा भाग काळ्या पाषाणाचा, मूर्तींनी आणि नक्षीने गच्च भरलेला. वरचे शिखर त्याहून निराळे, नंतरच्या काळचे. दोन्हींचा सांधा कोठे आहे, ते मुलाला स्वतः शोधू द्या. मोडलेले आणि पुन्हा बांधलेले, हा इतिहास पुस्तकात परिच्छेदभर लिहावा लागतो. येथे तो एका दृष्टिक्षेपात दिसतो.

मग मूल विचारील, "महेश्वरची राणी येथे कशाला आली?" औंढा काही होळकरांच्या राज्यात नव्हते, हा निजामाचा मुलूख. मग नर्मदेकाठच्या त्या बाईने येथल्या मंदिराची चिंता का करावी? या एका प्रश्नाच्या उत्तरात काशी येते, सोमनाथ येते, गया येते, वेरूळचे घृष्णेश्वर येते. राज्याच्या सीमा कोठेही असोत, देश एकच आहे, असे मानणारी एक बाई होऊन गेली, हे त्या मुलाला कोणी भाषण न करता कळते. नामदेव महाराजांना विसोबा खेचर याच औंढ्यात भेटले, ही कथा आपली मुले ऐकून आहेत. नरसीचा नामदेव पुढे पंजाबपर्यंत गेला. एक येथून गेला, एक तिथून आली. हा नकाशा मुलांनी आपल्या हाताने काढावा.

उद्यापासून काय?

मित्रहो, आता थोडक्यात सांगतो. आपल्या वाचनालयाला मिळणारे अनुदान किती असते, हे मला ठाऊक आहे. मोठ्या योजना सुचवीत नाही.

एक, राण्यांच्या या खणातील पुस्तके घरी देताना ती मुलाबरोबर वडील माणसाच्याही नावावर द्यावीत. आईने, आजीने किंवा आजोबांनी ती मोठ्याने वाचायची. आजोबांना चष्मा लागत असेल, तर नातवाने वाचावे आणि आजोबांनी मध्येच थांबवून 'असे सांगतात' म्हणावे.

दोन, प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी एक कोरा कागद चिकटवावा. त्यावर मुलांनी एकच चित्र काढायचे: लढाई नसलेल्या दिवशीची राणी. हिशेब तपासणारी, विहिरीची जागा पाहणारी, अर्ज लिहिणारी, आजारी मुलाजवळ बसलेली. वर्षभरात असे पन्नास कागद जमले, तर ते शिवून आपल्या मुलांनी काढलेले पहिले चित्रमय पुस्तक याच कपाटात ठेवावे.

तीन, हे पुस्तक मुलीइतकेच मुलाच्याही हाती द्यावे. आपण राण्यांची पुस्तके मुलींना आणि राजांची मुलांना वाटतो. सुनेवर तोफखाना सोपविणारे मल्हारराव व्हायचे असतील, तर ते आपल्या मुलांनाच व्हायचे आहे.

अहिल्यादेवींच्या जन्माला ३१ मे २०२५ रोजी तीनशे वर्षे पूर्ण झाली. गावोगावी मिरवणुका निघाल्या, प्रतिमापूजने झाली, भाषणे झाली. त्यांतली काही मीही केली. ते सारे योग्यच होते. परंतु प्रतिमेला घातलेला हार संध्याकाळी सुकतो. वाचलेले पुस्तक तसे सुकत नाही.

पुढच्या जिजाऊ जयंतीला मला पुन्हा परीक्षक म्हणून बोलावले, तर मी तोच प्रश्न विचारणार आहे. राण्या सात असोत की सत्तर, तलवारी पुठ्ठ्याच्याच असोत. परंतु "राणीसाहेब, लढाई नसते त्या दिवशी आपण काय करता?" असे विचारल्यावर एखादी चिमुरडी कमरेवर हात ठेवून म्हणावी, "दुपारी दोन वाजता या. माझा दरबार असतो. तुमची काय तक्रार आहे ती सांगा."

त्या दिवशी हा खण भरल्याचे सार्थक झाले, असे मी समजेन.